वरमाईची सावली

"मान वर कर," माणिक म्हणाला.

मी मान वर केली. त्याने हनुवटीखाली मलमाचं बोट फिरवलं, मग कानांच्या मागे, मग गळ्यापाशी. ते झिंकचं मलम इतकं पांढरंफेक आणि घट्ट होतं की लावून झाल्यावर मला नीट हसतासुद्धा यायचं नाही. खिंडीत अजून सगळीकडे सावली होती, वारा गार होता, आणि आमचा मित्र अन्वर दगडावर बसून पोहे खाता खाता गंमत बघत होता.

"वहिनी, गणपतीला नुसता पहिला हात दिल्यासारख्या दिसताय. रंग कधी काढायचा?"

"तू गप खा. नाहीतर उरलेलं तुझ्या तोंडाला फासेन."

"हातमोजे," माणिक म्हणाला. मी हातमोजे घातले. "बाह्या." मी लांब बाह्या खाली ओढून मोज्यात खोचल्या. त्याने ओढणी माझ्या डोक्यावरून, कपाळावरून, तोंडावरून अशी काही गुंडाळली की फक्त डोळे आणि पांढरं नाक उरलं. मग दोन पावलं मागे सरून, शिंप्याने गिऱ्हाईकाकडे बघावं तसं त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या वेळी ताप आला ना, तर संपलं," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलंय. पुन्हा चट्टे उठले तर डोंगर बंद, कायमचा. मी शब्द देऊन बसलेय."

"नाही येणार ताप."

"तुझ्या मायलाही तसंच कबूल केलंय मी."

"नाही येणार म्हटलं ना!"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नाशिकला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या पोरीसुद्धा सावधानमध्ये उभ्या राहायच्या. तिशी ओलांडली आणि गालांवर लाल चट्टे उठले, सांधे धरले, ताप काही केल्या हटेना. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं दृष्ट. शेवटी निघाला ल्यूपस. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, ऊन लागलं की तुमचं शरीर तुमच्यावरच उलटतं, आज कातडी, उद्या मूत्रपिंड. मुख्याध्यापिकांनी अगदी मायेने माझी शिट्टी काढून घेतली आणि मला वाचनालयात बसवलं. तिथल्या खिडकीतून मैदान दिसायचं, पण ऊन येतं म्हणून ती खिडकीही लावून घ्यायची. त्या वर्षी मी जेवढी आदळआपट केली तेवढी जन्मात कधी केली नसेल.

उरली होती ती फक्त चढाई.

माणिक पगार, म्हणजे माझा नवरा, सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता आणि आमच्या गिर्यारोहण क्लबातला सगळ्यात भरवशाचा गडी होता. नवी पोरं आली की त्यांना आधी माणिकच्या गाठी बघायला बसवायचे. जिथे एक गाठ पुरते तिथे हा दोन मारायचा. खडकाच्या फटीत मेख ठोकली की तिचा आवाज कान देऊन ऐकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा ठोकायचा. "याला म्हणतात शिस्त," असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची. त्या शिस्तीवरच तर भाळले होते.

माझं दुखणं कळल्यावर त्याने धीराचे बोल वगैरे ऐकवले नाहीत. रविवारी दुर्बीण घेऊन तो कुठेतरी निघून गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, "त्या डोंगराच्या पश्चिम कड्यावर दुपारपर्यंत ऊन येत नाही. आपण तिकडून चढू." तेव्हापासून आमची चढाई सावली बघून ठरायला लागली. सकाळी पश्चिमेचा कडा, दुपारनंतर पूर्वेचा. लोक वाट बघतात, पाणी बघतात, मुक्काम बघतात. आम्ही आधी सावली बघायचो, दिवसभर समोरच्या टेकडीवर बसून.

आणि वरमाई ही माझी हौस. मांडव्या नावाच्या डोंगराच्या कुशीतून जरा बाजूला सरून उभा राहिलेला सुळका. पाड्यावरचे लोक म्हणतात, लग्नात मानपान झाला नाही म्हणून ती रुसून मांडवाकडे पाठ करून बसलीय. माझ्यासारख्या बाईला तिच्याबद्दल आपुलकी वाटणारच. तिची उत्तरेची भिंत आम्ही मार्गशीर्षात बघून ठेवली होती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिच्यावर उन्हाची तिरीपही आली नव्हती. "ही तुझ्यासाठीच आहे," माणिक म्हणाला होता. मग पौषात मला ताप आला, मग शाळेच्या परीक्षा आल्या, असं करता करता चैत्र उजाडला.

एक नियम सांगायला हवा. दोरावर आम्ही नवरा-बायको नसायचो. तो पगार, मी शेवाळे, माझं माहेरचं आडनाव. लग्नानंतरच्या पहिल्याच चढाईत आम्ही अर्ध्या कड्यावर जोरदार भांडलो होतो, त्यावरचा हा उपाय. दोरावर पुढे जो असेल त्याचा शब्द शेवटचा, मागच्याने हुज्जत घालायची नाही. आजारपणाआधी आम्ही आळीपाळीने पुढे जायचो. नंतर कायम तोच.

पहिला टप्पा झकास झाला. भिंतीच्या मध्यावर ओट्यासारखी जागा होती आणि तिच्या मागे उभी कपार, माणूस आत शिरून बसेल एवढी. खाली जाणारा दोर तिथेच पक्का बांधून ठेवला. अन्वर खिंडीत थांबला होता.

"तू या कपारीत बस आणि माझा दोर सांभाळ," माणिक म्हणाला. त्याने पाण्याच्या दोन्ही बाटल्या माझ्यापाशी ठेवल्या.

"एक ने की बरोबर."

"वर ओझं नको."

"टोपी तरी?"

"टोपीच्या कडेने वरची पकड दिसत नाही, शेवाळे. आणि सावलीत टोपी कशाला?"

तो उजवीकडे तिरका चढत गेला. ठोक, ठोक, ठोक. थांबून ऐकणं. पुन्हा ठोक. मी दोर हळूहळू सोडत होते आणि मनातल्या मनात वरमाईच्या डोक्यावर उभी राहून आले होते. जेवणाची वेळ टळून गेली तरी तो मेखाच ठोकत होता. सावलीतसुद्धा खडक गरम लागायला लागला.

मग मला भिंतीच्या उजव्या कडेला एक पिवळी रेघ दिसली. आधी वाटलं, शेवाळ वाळलंय. जरा वेळाने बघितलं तर ती रेघ पट्ट्याएवढी रुंद झाली होती.

"पगार! ऊन येतंय!"

"कुठून येईल? उत्तर आहे ही."

"उत्तर असो नाहीतर दक्षिण, मी डोळ्यांनी बघतेय ना!"

ठोकणं थांबलं. मग त्याचा आवाज आला, अगदी पडलेला. "शेवाळे, चैत्र आहे गं."

झालं! दोघांच्याही डोक्यात एकदमच लख्ख प्रकाश पडला. मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, चैत्रात तो उत्तरेकडे सरकतो. सकाळी मांडव्याच्या आडोशाने कळलं नव्हतं, आता मावळतीच्या बाजूने ऊन थेट भिंतीवर उतरत होतं. हे पाचवीच्या भूगोलात असतं. माझ्या शाळेतल्या पोरींनी चित्र काढून दाखवलं असतं. आणि आम्ही दोघं सावलीतले तज्ज्ञ, मार्गशीर्षातली सावली शोधत चैत्रात आलो होतो.

"तू कपारीत आत सरक," तो म्हणाला. "तिथवर ऊन येणार नाही. ते उतरेपर्यंत हलायचं नाही. पुढच्याचा शब्द."

"आणि तू?"

"मला काय होतंय? मला कुठे ल्यूपस आहे?"

तो पाटाएवढ्या एका जागेवर पोचला होता, भर उन्हात. तिथे त्याने मेखा ठोकल्या, अर्थातच दोन. दोर त्यांना पक्का केला, स्वतःलाही बांधून घेतलं आणि बसला. मी कपारीतून मान वाकडी करून बघत होते. पूर्ण भिंत आता तव्यासारखी तापली होती.

"दोराचं टोक सोड, पाणी बांधून देते!"

"राहू दे. तुला लागेल."

"अरे, दोन बाटल्या आहेत! मी काय अंघोळ करू?"

तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "पोहे संपले का?"

"काय?"

"विहिरीचं पाणी काळं आहे," तो म्हणाला.

मी ओरडून त्याला हाक मारली. त्याचं डोकं एका बाजूला कललं होतं आणि शर्ट कोरडाठाक दिसत होता. मघापर्यंत घामाने भिजलेला शर्ट. त्याला घाम यायचा बंद झाला होता. पी.टी.च्या बाईला एवढं कळतं. मैदानावर पोरगी कोसळायच्या आधी असंच होतं.

आणि मग त्याचे हात कमरेकडे गेले. तो गाठ सोडत होता.

"पगार! गाठीला हात लावू नको!"

हात चालूच.

"माणिक! माणिक, अरे माझ्याकडे बघ!"

त्याने बघितलं, आणि मी कोण हे त्याला कळलं नाही. पुन्हा खाली मान घालून तो गाठीशी झटायला लागला. त्याच्या दोन-दोन गाठी मारायच्या सवयीने मला तेवढा वेळ दिला, नाहीतर तो त्याच क्षणी खाली गेला असता.

"अन्वर! वर ये! दोराने ओट्यापर्यंत ये, लवकर!" मी खाली किंचाळले आणि मोजे काढून फेकले. मोजे घालून त्या गुळगुळीत भिंतीवर बोटं टिकली नसती. बाटली झोळीत टाकली, वर पक्क्या केलेल्या दोराला सरकती गाठ मारून ती कमरेला अडकवली आणि कपारीतून बाहेर पडले.

दोन वर्षांनी असं भर ऊन अंगावर आलं. खरं सांगू? क्षणभर बरं वाटलं. जुनी मैत्रीण वाटेत भेटावी तसं. मग हातांच्या पाठी चुरचुरायला लागल्या आणि मी त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलं. चढ, विनया, चढ, एवढंच म्हणत होते. ओढणी तोंडावरून निसटून नुसती डोक्यावर राहिली. मी त्याच्या पायाशी पोचले तेव्हा एक गाठ सुटलेली होती आणि दुसरीत त्याचं बोट गेलेलं होतं.

"माणिक, सोड ते."

"दोर काढ," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. लहान पोराचा होता. "काढ ना गं माय. नाना सोडतील मला."

माझं पांढरं तोंड आणि डोक्यावरची ओढणी बघत तो पुढे म्हणाला, "तोंडाला पीठ लागलंय तुझ्या."

नाना म्हणजे त्याचे वडील. तो अहिराणीत बोलत होता. त्याच्या घरची भाषा. मला ती समजायची, पण मी शहरात वाढलेली, बोलायला लाजायची. सासरी गेले तरी शुद्ध मराठीत हो-नाही करून सुटायची. नवऱ्याला मी बायको म्हणून ओरडून पाहिलं होतं, शेवाळे म्हणून ओरडून पाहिलं होतं, त्याने ऐकलं नव्हतं. मी त्याचं बोट गाठीतून हळूच काढलं, त्याचा तापलेला हात माझ्या हातात घेतला आणि जमेल तसं म्हटलं, "दोर मी धरेल शे. भिऊ नको."

"नाना?"

"नाना शेतावर गेले. मीच आहे फक्त."

त्याचे हात ढिले पडले. मी दोन्ही गाठी पुन्हा मारल्या. पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर ओतलं, ओढणी भिजवून त्याच्या डोक्याला गुंडाळली, घोट घोट पाणी पाजलं. मग मावळतीच्या बाजूला सरकून त्याच्या आणि उन्हाच्या मध्ये बसले, माझी सावली त्याच्या तोंडावर पडेल अशी. तोंडाला घाम येत होता, पण पुसला नाही. पीठ पुसलं गेलं असतं तर त्याची माय गेली असती.

"माय," तो जरा वेळाने म्हणाला, "विनयाला सांगू नको हं."

"काय सांगू नको?"

"मला भीती वाटते ते."

"आज वाटली. वाटणारच."

"आज नाही. दर वेळी. खाली बघितलं की ती विहीरच दिसते."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. क्लबातला सगळ्यात भरवशाचा गडी! ते कान देऊन मेखांचा आवाज ऐकणं, ते पुन्हा ठोकणं, त्या दोन दोन गाठी.

"मग चढतोस कशाला रे राजा?"

"ती चढते ना," तो म्हणाला. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय असा त्याचा चेहरा झाला. "तिचं मैदान गेलं. एवढंच राहिलंय तिला. तू सांगू नको. सांगितलंस तर ती सोडून देईल."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

ते वचन मी पाळलं. तो होता तोवर कुणालाही सांगितलं नाही, त्यालासुद्धा नाही.

अन्वर धापा टाकत ओट्यावर आला आणि वर बघून त्याने तोंडावर हात घेतला. "वहिनी, तुम्ही उन्हात! हात बघा तुमचे!"

"हात नंतर बघू. मी याला दोराने खाली सोडतेय. तू धर."

सोडायचं म्हटल्यावर माणिकने मला घट्ट मिठी मारली. सोडू नको, सोडू नको, एवढंच. मी त्याच्या कानाशी बोलत राहिले. मी धरलंय, माझ्या हातात आहे, बघ किती हळू, अशी बोलतच राहिले. पकड सैल झाली तसा मी दोर इंच इंच सोडला आणि तो भिंतीवरून, डोळे मिटून, अन्वरच्या हातांत गेला. त्यामागून मी उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वरमाईचं डोकं वर तसंच राहिलं. आम्हाला दोघांनाही तिकडे बघायची शुद्ध नव्हती.

खिंडीत पाणी, सावली, मीठ-साखर करून तो तासाभराने माणसात आला. "शेवटची मेख ठोकलेली आठवते," तो म्हणाला, "मग एकदम तुझं तोंड. विनया, तुझे हात!" आणि माझे हात हातात घेऊन तो रडायलाच लागला. त्याला वाटलं, आपण शहाणपणा करून टोपी घातली नाही, त्याची शिक्षा मला झाली. मी त्याचा तो समज तसाच राहू दिला.

शिक्षा झालीच. दुसऱ्या दिवशी हातांवर, गालांवर चट्टे, मग ताप, मग सांधे. महिनाभर दवाखाना आणि त्यानंतर घरी पडदे लावून पडून राहणं. डॉक्टरीणबाई एवढ्या रागावल्या की ओरडल्यासुद्धा नाहीत. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाल्या. गावाहून सासूबाई आल्या, त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि माझ्या अंथरुणाशी बसून रोज डाळ, तांदूळ काहीतरी निवडत राहिल्या.

एक दिवस मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "आई, लहानपणी ह्यांना नाना विहिरीत सोडायचे का हो?"

त्यांचा सुपातला हात थांबला. "त्याने सांगितलं?"

"असंच, बोलता बोलता."

"पोहायला शिकवायचं म्हणून. कमरेला दोर बांधून सोडायचे. सगळ्यांचीच पोरं तशी शिकली, त्यात काय. पण एकदा दोर निसटला हातातून. काढलं वर, काही झालं नाही, पण पोरगं आठ दिवस बोललं नाही. मग किती वर्षं माडीच्या जिन्यालासुद्धा भिंतीला चिकटून चढायचं." त्या सूप हलवायला लागल्या. "मग नाशकाला गेला आणि एकदा येऊन म्हणतो, माय, मी डोंगर चढतो. मी म्हटलं, बाई गं, देव पावला. पोराचं भय गेलं."

"कधीपासून चढायला लागले?"

"तुझं नाव घ्यायला लागला ना घरात, तेव्हापासूनच."

मी तोंडावर चादर ओढून घेतली. त्यांना वाटलं, मला थंडी वाजतेय.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी माणिक कामावरून आला तेव्हा अन्वरही बरोबर होता. आमचा दोर त्याच्याकडेच राहिला होता, तो धुऊन, गुंडाळून घेऊन आला होता. तो त्याने टेबलावर ठेवला मात्र, सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"जाळा तो दोर," त्या म्हणाल्या. "बास झालं. डॉक्टरीण म्हणते बास, मी म्हणते बास. हिने शब्द दिला होता की नाही? दिला होता. माणिक, तू सांग हिला. तू एकदा नाही म्हण, ती ऐकेल तुझं."

मी उशीला टेकून बसले होते. अन्वर खाली बघत होता. आणि मी माणिककडे बघत होते. मनाशी माझं ठरून गेलं होतं. तो नाही म्हणाला की मी एक शब्द बोलणार नव्हते. भांडणार नाही, रुसणार नाही, तोंडसुद्धा वाकडं करणार नाही. नाहीतरी शब्द मोडलाच होता मी. आणि त्याला सुटका होती. एकदा नाही म्हटलं की आयुष्यभर पुन्हा कड्यावर जायचं नाही, आणि भित्रा म्हणायची कुणाची छाती नाही. बायकोच्या दुखण्यापायी बिचाऱ्याने डोंगर सोडला, असं उलट कौतुकच झालं असतं. याहून चांगला दरवाजा त्याला पुन्हा उघडा मिळणार नव्हता. म्हण की रे, मी मनात म्हणत होते. म्हण नाही. मी खरंच सोडून देईन.

माणिक टेबलापाशी उभा राहिला. त्याने दोराकडे बघितलं. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. आता मला दिसत होतं ते सगळं. वर्षानुवर्षं समोरच होतं, मीच शिस्त म्हणून बघत होते. त्याने ओठ ओले केले आणि माझ्याकडे वळला.

"मार्गशीर्षात जाऊ," तो म्हणाला. "या वेळी सावली मी नीट बघतो."

"अरे माणिक!" सासूबाई म्हणाल्या.

"पहाटेच चढू, माय. ऊन यायच्या आत उतरू. डॉक्टरीणबाईंना मी विचारतो. चुकलो मी, तिचं काही चुकलं नाही. तिला का म्हणून घरी बसवायचं?"

मला रडू फुटणार होतं आणि ते फुटू देऊन चालणार नव्हतं. रडले असते तर तोंडातून सगळं बाहेर आलं असतं. म्हणून मी मैदानावरचा आवाज काढला.

"जाऊ. पण पुढे मी जाणार."

"काय?"

"ज्या माणसाला चैत्र आणि मार्गशीर्ष यांतला फरक कळत नाही, ज्याला साधी टोपी घालता येत नाही, त्याच्या भरवशावर मी यापुढे कड्यावर पाय ठेवणार नाही. अन्वर येईल माझ्यामागून. तू खाली थांबायचं. खिंडीत. जमिनीवर दोन्ही पाय रोवून उभं राहायचं आणि माझा दोर धरायचा. वर यायचंच नाही."

अन्वरने चपापून माझ्याकडे बघितलं. क्लबातल्या सगळ्यात भरवशाच्या गड्याला असं कुणी बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं.

माणिकने खुर्ची जवळ ओढली. "वर यायचंच नाही? कधीच?"

"कधीच नाही. मला नकोस तू वर."

तो खुर्चीवर बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"बरं," तो हातांच्या आडून म्हणाला. "बरं, बरं. तू म्हणशील तसं."

सासूबाई माझ्यावर अशा उसळल्या म्हणता! "अगं, जीव ओतून करतो तो तुझं, आणि परक्या माणसासमोर नवऱ्याचा असा पाणउतारा? बघ कसा रडतोय! काही लाज आहे का तुला?"

"चुकलं, आई," मी म्हटलं, आणि मान खाली घालून त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.